मूळ कोणाचं?

शाळेत नकाशा काढायचा म्हणजे आधी खिडकी अडवायची. ॲटलसचं पान काचेवर, त्यावर कोरा कागद, उन्हात दिसेल ती रेघ गिरवायची. हात भरून यायचे. मुंबईपर्यंत नीट उतरलेला माझा किनारा रत्नागिरीपाशी हमखास समुद्रात शिरायचा.

चिनी सुलेखनातलं सगळ्यात नावाजलेलं हस्ताक्षर आज आपल्याला दिसतं तेही गिरवलेलंच, हे कळल्यापासून त्या खिडकीबद्दल मला जरा आदर वाटू लागलाय.

इ.स. 353. आजच्या शाओशिंगजवळ लानटिंग इथे वांग शीचि या अधिकाऱ्याने मित्रमंडळी जमवली. ओढ्याकाठी बसायचं, पाण्यावरून तरंगत आलेला दारूचा प्याला आपल्यापुढे थांबला की कविता करायची, नाही सुचली तर दंड म्हणून प्यायची. (दंड कसला, बक्षीसच.) त्या कवितांना वांगने प्रस्तावना लिहिली. 28 ओळी, 324 अक्षरं. आपल्या 'चा-ची-चे'चं काम करणारं 'चि' हे अक्षर त्यात वीसेक वेळा येतं आणि दर वेळी निराळं दिसतं. त्याच्या नावाच्या शेवटीही तेच अक्षर आहे. नशा उतरल्यावर त्याने पुन्हा पुन्हा लिहून पाहिलं, पण तसं साधलं नाही म्हणतात.

तांग सम्राट थायत्सुंगला या कागदाचं वेड. एका म्हाताऱ्या भिक्षूकडून त्याने तो लबाडीने मिळवला आणि 649 मध्ये मेल्यावर कबरीत सोबत नेला, अशी कथा आहे. मागे उरल्या नकला. त्यातली सर्वात वाखाणलेली बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात आहे, फंग चंगसू या दरबारी नकलकाराच्या नावावर. त्याची सही मात्र तिच्यावर नाही. हे नावही पुढच्या संग्राहकांनी कित्येक शतकांनी चिकटवलेलं!

नक्कल करायची रीत अशी: मुळावर पातळ कागद ठेवायचा, प्रत्येक फटकाऱ्याची कड केसाएवढ्या रेषेने आखायची, मग आत शाई भरायची. म्हणजे लिहायचं नाहीच, लिहिल्यासारखं रंगवायचं. आणि चुकांसकट! वांग दोन अक्षरं विसरला होता, ती ओळीच्या कडेला बारीक घुसडलेली आहेत. एके ठिकाणी आधी 'एक' लिहून मग त्याचं 'प्रत्येक' केलंय, तिथे शाईच्या गडद-फिक्या छटासुद्धा नकलकाराने सांभाळल्यात. दुसऱ्याची खाडाखोड इतक्या निगुतीने करणारा माणूस स्वतः कसं लिहीत असेल?

1965 मध्ये वाद पेटला. नानचिंगजवळ वांगच्या चुलतभावाच्या थडग्यातला लेख सापडला, अक्षर ताठ, कोनदार. चिनी इतिहासकार क्वो मोरुओ म्हणाले, त्या काळी असंच लिहीत. प्रस्तावना वांगची नव्हेच, मजकूरही नव्हे. विरोधकांचं म्हणणं, दगडावरची छिन्नी आणि दारू प्यायलेल्याचा कुंचला सारखा कसा चालेल? मला हेच पटतं. लग्नपत्रिकेवरच्या अक्षरावरून वाण्याची यादी कोणी लिहिली ते ठरवता येत नाही.

माझा नकाशा एकदा शेजारच्या बाकावरच्या मित्राने गिरवला, रत्नागिरीच्या फुगवट्यासकट. बाईंनी दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या.

"मूळ कोणाचं?"

ॲटलसचं नाव घ्यायची हिंमत दोघांनाही झाली नाही.