हा फिरोजा कुणाचा?

हिमाचलातल्या रेकाँग पिओच्या बसस्टँडवर कंडक्टरनं माझ्या सॅककडे बोट दाखवून "ऊपर" म्हटलं, तेव्हा मी ती पोटच्या पोरासारखी छातीशी धरली. स्पिती खोऱ्यातल्या काझाची बस होती. अंतर २०० किलोमीटरच्या आसपास, प्रवास अख्खा दिवस, आणि सामान टपावर. मोठ्या दोन बॅगा मुकाट्यानं वर दिल्या. ही सॅक मात्र मांडीवर ठेवीन, शेजारच्याला त्रास होऊ देणार नाही, असं कबूल करून सीट मिळवली. आत कॅमेरा, दोन लेन्स आणि जेमतेम महिन्याभराचा नवा लॅपटॉप.

ही सॅक दिवसभर मांडीवर धरता आली ती तो लॅपटॉप बदलला म्हणून. तीन वर्षांपूर्वी लेहला गेलो तेव्हा भाच्यानं निवडून दिलेलं मशीन बरोबर होतं. गेमिंगचं. "मामा, ग्राफिक्स कार्ड बघ, फोटो लोण्यासारखे सरकतील." सरकायचे, खोटं कशाला बोलू. पण मशीन २.४ किलोचं आणि त्याच्या चार्जरची वीट ७०० ग्रॅमची. विमानात केबिन बॅगेला ७ किलो मिळतात, त्यातले तीन किलो यानंच खाल्ले. लेहमध्ये पहिले दोन दिवस जिना चढतानाही धाप लागते. आठ दिवसांत मी तो लॅपटॉप दोनदा उघडला. बाकीचे सहा दिवस तो लडाख बघायला आला होता.

त्याच सहलीत बरोबरच्या एका मित्राची फिरती हार्ड डिस्क गेली. उंचीमुळेच गेली असं छातीठोक सांगता येणार नाही, डिस्क जुनीच होती. पण परत आल्यावर मी जरा वाचलं. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि तिच्यावर वाचणारा काटा हवेच्या अगदी पातळ थरावर तरंगत असतो. हवा विरळ झाली की तो थर पुरत नाही आणि काटा तबकडीला टेकू शकतो. म्हणूनच साध्या हार्ड डिस्कच्या माहितीपत्रकात वापरायची उंची साधारण ३,००० मीटरपर्यंत लिहिलेली असते. लेह ३,५०० मीटर, काझा ३,६५० च्या आसपास, काझाच्या वरचं किब्बर गाव ४,२०० मीटर. तेव्हा स्पितीला जायचं ठरलं त्याच दिवशी हार्ड डिस्क यादीतून बाद. एसएसडीत फिरणारं काही नसतं, आणि माझी १ टीबीची एसएसडी पाकिटात मावते.

लॅपटॉपची खरेदी मी यावेळी भाच्यावर सोडली नाही. दुकानात जाताना दोन गोष्टी बरोबर नेल्या: विमानतळावर फजिती नको म्हणून घेतलेला बॅगा तोलायचा लटकता काटा, आणि एका मेमरी कार्डावर जेजुरीचा सोमवतीचा फोटो. त्या फोटोत सगळा भंडारा. हवेत, पायऱ्यांवर, माणसांच्या भुवयांवर. पिवळ्यातच दहा पिवळे. पडदा खरं बोलतो का हे बघायला मला याहून चांगला फोटो माहीत नाही.

काटा बघून दुकानातला मुलगा हसला. पण जाहिरातीत लिहिलेलं वजन बिनचार्जरचं असतं, आणि मी लॅपटॉप चार्जरसकट तोलला की आकडा कधी दोनशे, कधी पाचशे ग्रॅमनं वर जायचा. मग मुलगाही गंमत म्हणून एकेक काढून देऊ लागला.

स्वस्तातल्या एका मशीनवर भंडारा बेसनासारखा फिका दिसला. माहितीत बारीक अक्षरांत "४५ टक्के एनटीएससी" असं लिहिलेलं होतं. एनटीएससी म्हणजे पडदा किती रंग दाखवतो त्याचं एक माप. हा आकडा लक्षात ठेवावा. वेबवरच्या फोटोंसाठी जो एसआरजीबी रंगपट्टा धरतात, त्याचा साधारण दोनतृतीयांश भागच असा पडदा दाखवू शकतो. जो पिवळा पडद्याला दाखवताच येत नाही तो तुम्ही सुधारणार कसा? पूर्ण एसआरजीबी हवा असेल तर ७२ टक्के एनटीएससी तरी बघावं. प्रोसेसरचं नाव डब्यावर ठळक छापतात, हे मात्र कुणी सांगत नाही.

दुसऱ्या टोकाला ओएलईडी, म्हणजे ज्याचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो असा पडदा. त्यावर भंडारा अंगावर आला. दुकानातले सगळे "वा" म्हणाले, आणि मला तिथंच शंका आली. तो पडदा भडक मोडवर ठेवलेला होता. सेटिंगमध्ये जाऊन एसआरजीबी निवडलं तसा भंडारा शहाण्यासारखा वागू लागला. विंडोजच घ्यायचं असेल तर १.२ किलोच्या आसपासचं १४ इंची झेनबुक ओएलईडी चांगलं, हे मी आजही सांगेन. एलजी ग्रॅमचं १४ इंची तर ९९९ ग्रॅम. उचललं तेव्हा आत काही आहे की नुसतं खोकं, असं वाटलं.

शेवटी घेतलं मॅकबुक एअर, १३ इंची, १.२४ किलो. रंग पटले हे एक. दुसरं म्हणजे चार्जर काढल्यावर त्याचा वेग उतरत नाही. बरीच विंडोज मशिनं बॅटरीवर आली की आपोआप मंदावतात, आणि किब्बरला मी बहुतेक वेळ बॅटरीवरच असणार होतो. तिसरं, ते साध्या सी टाइप चार्जरवर चालतं, म्हणजे कॅमेरा, फोन आणि लॅपटॉप तिघांना मिळून मुठीएवढा एकच ६५ वॉटचा चार्जर. काट्यावर सगळं मिळून दीड किलोच्या आत आलं. ३.१ वरून दीडवर. रॅम मात्र १६ जीबीच घेतली. ती बोर्डावरच जोडलेली असते, "नंतर वाढवू" हा आपला आवडता उपाय इथं चालत नाही. तोटे? आत पंखा नाही, त्यामुळे मोठं काम दिलं की तापून हळू होतं. कार्डासाठी खाच नाही, रीडर वेगळा न्यावा लागतो. आणि त्याच्याही माहितीपत्रकात वापराची उंची १०,००० फुटांपर्यंतच तपासल्याचं लिहिलंय, म्हणजे ३,००० मीटर. स्पितीत मी पूर्ण वेळ त्याच्या वरच होतो. चालला.

एवढं सगळं पाठ करून निघालो होतो आणि पहिली फजिती कल्प्यातच झाली. पिओच्या डोक्यावर, वळणावळणांच्या रस्त्यानं गाठायचं हे गाव. समोर किन्नर कैलास इतका जवळ की हात लावावासा वाटतो. सप्टेंबरअखेर, सफरचंदांचा हंगाम. रस्त्याच्या कडेला पेट्यांच्या थप्प्या आणि हवेला गोडसर वास. सूर्योदयाचे सत्तर-ऐंशी फोटो काढले आणि गॅलरीत ऊन खात बघायला बसलो. पडद्यावर माझंच तोंड. एअरचा पडदा ५०० निट्स उजेडाचा आहे, साध्या लॅपटॉपच्या २५०-३०० च्या मानानं पुष्कळ, पण डोंगरातल्या उन्हापुढे त्याची काय कथा. शेवटी रजई डोक्यावरून घेऊन आत लॅपटॉप धरला. जुने फोटोग्राफर काळ्या कापडात शिरायचे तसा. बायको चहा घेऊन आली आणि दारातच थबकली.

"अहो, वाफ घेताय का?"

पुढचा दिवस त्या बसचा. खाबला स्पिती नदी सतलजला मिळते आणि तिथून रस्ता वर चढत नाकोकडे जातो. झाडं मागं राहतात. एका वळणानंतर हिरवा रंग संपतो आणि सगळं राखेचं, मातीचं, हाडाच्या रंगाचं होतं. फोटो काढणाऱ्याला हे अवघड. हिरव्यानं रंगाचा अंदाज येतो, आकाश किती निळं करायचं ते कळतं. इथं टेकूच नाही. उंचीवरचं आकाश आधीच इतकं गडद असतं की थोडं जास्त ओढलं की खोटं दिसतं.

ताबोला उतरलो. सन ९९६ मध्ये स्थापन झालेला मठ, बाहेरून मातीची साधी ढेकळं, आणि आत भिंतींवर हजार वर्षांपूर्वीचे रंग. आत फोटोला बंदी आहे. ताबोवर मी इथं काहीच लिहिणार नाही, एवढंच की कॅमेरा बाहेर ठेवून काढलेला तो एक तास मला अख्ख्या सहलीत सगळ्यात नीट आठवतो.

किब्बरला चार रात्री राहिलो. एका घरात वरची खोली, खाली स्वयंपाकघर आणि मधोमध तंदूर. तंदूर म्हणजे आपला रोटीचा नव्हे, पत्र्याची शेगडी, तिच्याभोवती घर बसतं. वीज संध्याकाळी यायची-जायची. पॉवरबँक २०,००० एमएएचची, म्हणजे ७४ वॉट-अवर. विमानात १०० पर्यंत केबिनमध्ये नेता येते. त्यातून लॅपटॉपची बॅटरी जेमतेम एकदा भरते. तेवढं पुरलं. बाहेरून आल्यावर कॅमेरा लगेच बाहेर काढायचा नाही, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून तासभर तसाच ठेवायचा, नाहीतर शेगडीच्या उबेत काचेवर दव धरतं. जेवणानंतर माझं रोजचं काम ठरलेलं: कार्ड लॅपटॉपवर उतरवा, मग एसएसडीवर, आणि कार्ड पुसू नका. माझी एक रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातली कसलाही बदल न केलेली मूळ फाइल, २८-३० एमबीची, दिवसाला चारशे फोटो, म्हणजे रोजचे १२ जीबी. तिथल्या नेटवरून ते वर चढवण्याचा विचारसुद्धा करू नये. त्यानंतर निवडायचं. चारशेतून तीस. हे निवडायचं काम प्रवासातच होतं. घरी आल्यावर सगळेच फोटो चांगले वाटू लागतात. लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये 'स्मार्ट प्रिव्ह्यू' म्हणून २,५६० पिक्सेलच्या छोट्या प्रती करून मी त्यांच्यावरच काम करायचो. मशीनला ओझं नाही, बॅटरी टिकते, आणि बदल नंतर मूळ फाइलला लागतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणात घरच्या आजी काळे वाटाणे पाखडत बसल्या होत्या. गळ्यात पोवळी आणि फिरोजांची माळ, खडे चांगले बोराएवढे. परवानगी विचारून वीसेक फोटो काढले. पडलेलं ऊन, मागं मातीची भिंत. असे फोटो वर्षाकाठी दोन-तीन मिळतात. ती रात्र आणि पुढची रात्र, दोन्ही मी त्या फोटोंवर घालवल्या. चेहरा जरा पिवळट वाटत होता, म्हणून रंगाचं तापमान, म्हणजे फोटो पिवळा किंवा निळा करणारी पट्टी, थोडं थोडं खाली आणलं. फिरोजे काय उठून आले!

चौथ्या दिवशी सकाळी मोठ्या ऐटीत लॅपटॉप अंगणात नेला, आजींच्या पुढ्यात भिंतीच्या सावलीत धरला. त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग गळ्यातली माळ हातात धरली, पडद्याकडे बघितलं, पुन्हा माळेकडे, आणि सुनेला काहीतरी म्हणाल्या. सून हसायला लागली.

"पूछ रही हैं, ये किसका फिरोज़ा है?"

मी वाकून पाहिलं. माळेतले खडे निळे नव्हतेच. हिरवट होते, शेवाळाकडे झुकणारे. फिरोजा वर्षानुवर्षं अंगावर वापरला की तेल-घाम पिऊन हिरवा होत जातो. ती माळ आजींच्या आईची, असं सुनेनं सांगितलं. माझ्या पडद्यावर मात्र सराफाच्या दुकानातले नवेकोरे निळे खडे, आणि आजींचा चेहरा थंडीनं काळानिळा पडल्यासारखा. रात्री तो असा नव्हता!

कारण सापडायला पाच मिनिटं लागली आणि लाज वाटायला त्याहून कमी. घरी डोळ्यांना बरं म्हणून मीच लॅपटॉपवर 'नाइट शिफ्ट' लावून ठेवलं होतं. सूर्य मावळला की पडदा आपोआप पिवळा होतो. मी दोन रात्री फोटोतला पिवळेपणा काढत बसलो होतो, आणि तो पिवळेपणा फोटोत नव्हताच, पडद्यात होता. भर म्हणून खोलीतल्या उजेडाप्रमाणे पडद्याचा पांढरा बदलणारं 'ट्रू टोन'ही सुरूच. दुकानात काटा घेऊन गेलेला, पोराला एनटीएससी शिकवणारा मी!

रॉ फाइल असल्यामुळे गेलं ते फक्त माझं काम. दोन्ही सेटिंग बंद केली, पडद्याचा उजेड आपोआप बदलायचा तोही बंद करून मधोमध ठेवला, आणि सगळे बदल पुसून आजींच्या शेजारीच बसलो. त्यांनी माळ पुढं धरली. मी तापमान ४,६०० वरून वर नेत गेलो. ५,४०० च्या जवळ आल्यावर त्यांनी मान हलवली आणि पुन्हा वाटाण्यांकडे वळल्या.

कुंझुम खिंड ओलांडून मनालीला उतरलो, चंदीगडहून पुण्याला. प्रिंट काढायला गेलो तेव्हा काउंटरवरच्या मुलानं सवयीनं विचारलं, "काका, कलर करेक्शन करू ना? दगड जरा डल वाटतायत."

"हात लावू नकोस," म्हटलं.

दहा बाय बाराची प्रिंट, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घालून, स्पीड पोस्टानं किब्बरला पाठवली. तोवर ऑक्टोबर संपत आला होता. पोचल्याचं अजून काही कळलेलं नाही.