कोरणीने टिपलेले पक्षी : चेरीबर्न ते न्यूकॅसल

इंग्लंडच्या ईशान्य टोकाला, न्यूकॅसलहून टाइन नदीच्या काठाने पश्चिमेकडे जाणारी रेल्वे प्रूडो स्थानकावर थांबते. तेथून मिकली गावाच्या दिशेने गेले की उतारावर चेरीबर्न हे जुने शेतघर लागते. पक्ष्यांच्या पुस्तकांना ज्याने नवे डोळे दिले, तो लाकडी ठशांवर चित्रे कोरणारा थॉमस बेविक १७५३ साली या घरात जन्मला. वडील शेती करत आणि जवळच एक छोटी कोळशाची खाणही चालवत. घर ठेंगणे, खोल्या अंधाऱ्या आणि पुढे नदीपर्यंत उतरत गेलेली शेते, एवढाच येथला थाट. आता ही वास्तू नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आहे आणि आवारात जुनी छापयंत्रेही ठेवली आहेत.

ज्यासाठी मी इतक्या दूर आलो, ते बेविकचे कसब समजून घ्यायचे तर आधी लाकडाकडे पाहावे लागते. पूर्वीचे लाकडी ठसे फळीच्या उभ्या रेषांवर सुरीने कोरले जात आणि त्यांतून जाडसर रेघाच उमटत. बेविक चौदाव्या वर्षी न्यूकॅसलच्या राल्फ बिलबी या धातुकोरक्याकडे उमेदवारीला लागला. चांदीची भांडी, शवपेट्यांवरच्या पाट्या, मोहरा, जे येईल ते कोरणाऱ्या त्या कारखान्यात त्याच्या हाताला पोलादी कोरणीची सवय झाली आणि तीच कोरणी त्याने बॉक्सवूडच्या आडव्या छेदावर चालवली. हे झाड मंद वाढते आणि त्याचा गाभा इतका घट्ट असतो की केसासारखी रेघही तुटत नाही. मात्र खोड बारीक असल्याने ठोकळा जेमतेम तळहाताएवढा मिळतो. चित्रांचा लहान आकार असा झाडानेच ठरवून दिला होता.

ठशाचा जो भाग कोरला जातो तो कागदावर पांढरा राहतो आणि न कोरलेला भाग शाई घेतो. म्हणजे हा कलावंत काळ्यातून उजेड बाहेर काढत असतो, आणि तोही उलट्या प्रतिमेत. मैनेच्या कुळातल्या स्टार्लिंगचे त्याचे चित्र मी भिंगाखाली बराच वेळ पाहिले. गडद अंगावरचा प्रत्येक ठिपका म्हणजे कोरणीचा एक टोचा आहे, आणि गळ्यावरची बारीक टोकदार पिसे व पंखांवरची लांब पिसे यांना कोरणीची चाल वेगवेगळी आहे. पाठीमागचे झुडूप फिकट दिसावे म्हणून ठोकळ्याचा तेवढा भाग तो आधीच किंचित तासून खाली घेई. त्यामुळे तेथे दाब कमी पडून छाप हलकी उमटे. रंगाचा एक थेंब न वापरता पिसांचा पोत आणि दूरची हवा दोन्ही साधणारी ही युक्ती मला त्या काळच्या कित्येक रंगीत चित्रांपेक्षा अधिक शास्त्रीय वाटते.

नदीपलीकडे ओव्हिंगहॅम येथे बेविकची शाळा होती. कागद संपला की हा पोरगा खडूने थडग्यांच्या दगडांवर आणि चर्चच्या देवडीत फरशीवर चित्रे काढी, असे त्याच्या आत्मवृत्तात आहे. त्याला मूठमातीही याच गावात मिळाली.

न्यूकॅसलला परतल्यावर मी हॅनकॉक संग्रहालयात गेलो, कारण बेविकच्या पक्षिचित्रांची सुरुवात ज्या पेंढा भरलेल्या पक्ष्यांपासून झाली, तो मार्मड्यूक टन्स्टॉल या पक्षिसंग्राहकाचा संग्रह पुढे याच संस्थेकडे आला. १७९१ साली बेविक टीज नदीकाठच्या विक्लिफ येथे जाऊन हे पक्षी रेखाटत बसला. पण पेंढा भरलेला पक्षी आणि जिवंत पक्षी यांतला फरक त्याला लवकरच खुपू लागला. मुरडलेली मान आणि चुकीच्या जागी बसवलेले पाय जसेच्या तसे काढले, तर ती चूक पुस्तकामार्फत पुढच्या पिढीच्या माथी बसणार. म्हणून त्याने शक्य तेथे ताज्या शिकारीची किंवा जिवंत पक्ष्याची वाट पाहिली. आपल्या कामाला विलंब होत असताना अशी वाट पाहणे, हे मला कोरणीच्या कौशल्याहून मोठे वाटते.

ब्रिटिश पक्ष्यांवरच्या त्याच्या ग्रंथाचा पहिला खंड, भूचर पक्ष्यांचा, १७९७ साली निघाला. दुसरा, पाणपक्ष्यांचा, १८०४ साली. पहिल्याचा मजकूर मुख्यतः बिलबीने लिहिला होता आणि श्रेयावरून दोघांत बिनसले, ही हकिकत फार लांबवण्यासारखी नाही. अधिक महत्त्वाची गोष्ट छपाईची आहे. तांब्याच्या पत्र्यावरचे चित्र वेगळ्या यंत्रावर छापावे लागे. लाकडी ठोकळा मात्र छपाईच्या खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या, उंचीचा असल्याने अक्षरांबरोबर एकाच चौकटीत बसे आणि एकाच दाबात छापला जाई. त्यामुळे वर्णनाशेजारीच पक्षी आला आणि पुस्तकाची किंमतही आवाक्यात राहिली. प्रकरणाच्या शेवटी उरलेल्या कोऱ्या जागेत बेविकने पावसात भिजणारे वाटसरू, कुत्री, भुते कोरली आहेत. एके ठिकाणी तर झोपडीच्या चित्रावर स्वतःच्या अंगठ्याचा ठसाच उठवून ठेवला आहे!

१८२७ साली अमेरिकन पक्षिचित्रकार जॉन जेम्स ऑड्युबॉन त्याला भेटायला न्यूकॅसलला आला. पक्षी मूळ आकारात दाखवायच्या हट्टापायी ऑड्युबॉनने अमेरिकेतल्या पक्ष्यांवरच्या आपल्या ग्रंथासाठी सुमारे एक मीटर उंचीचा कागद निवडला होता. तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेली ४३५ चित्रे, प्रत्येक छाप हाताने रंगवलेली आणि ग्राहक अर्थातच धनिक. तरीही रोहितासारख्या उंच पक्ष्याची मान कागदात मावावी म्हणून त्याला ती वाकवावी लागली. त्या भव्यतेविषयी आदर बाळगूनही, रानात सोबत न्यायला मी बेविकचेच पुस्तक निवडीन. ऑड्युबॉनलाही म्हाताऱ्याचे मोल कळले होते. अमेरिकेतल्या एका लहानशा रेन पक्ष्याला त्याने बेविकचे नाव दिले. १८३० मध्ये, बेविकच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, विल्यम यॅरेल या इंग्रज निसर्गअभ्यासकाने उत्तरेकडून हिवाळ्यात येणाऱ्या एका हंसालाही तेच नाव दिले.