लिमिटर पाय आवरतो, हात नाही

भाच्याने परवा फोनवर विचारलं, "मावशी, गाडीत लिमिटर असतो ना? मग लोकांची इंजिनं फुटतात कशी?" तो पुण्यात, मी श्टुटगार्टला, आणि गाड्यांचं वेड दोघांनाही. फोनवर सगळं अर्धवट सांगून झालं, म्हणून इथे नीट लिहिते.

लिमिटरचं काम तसं छोटं. ठरलेल्या आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, इंधन सोडणारे इंजेक्टर बंद करतो किंवा ठिणगी तोडतो. आरपीएम उतरले की पुन्हा चालू. जुन्या पोर्शे ९११ मध्ये हेच काम डिस्ट्रिब्यूटरच्या (प्रत्येक सिलिंडरला ठिणगी वाटणारा भाग) फिरत्या रोटरमधला स्प्रिंगवरचा छोटा तुकडा करायचा. वेग फार वाढला की तो बाहेर फेकला जायचा आणि ठिणगी परस्पर अर्थ व्हायची. ना सेन्सर, ना संगणक. मला ते डोकं फार आवडतं.

(मिरवणुकीत बाइक जागेवर उभी करून लिमिटरवर फटाके वाजवणाऱ्यांनो, ठिणगी तोडणारा लिमिटर असेल तर न जळलेलं पेट्रोल पुढे एक्झॉस्टमध्ये जाऊन जळतं. धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची वाट लागते. चालू द्या.)

तर अ‍ॅक्सिलरेटर कितीही दाबा, लिमिटर सांभाळून घेतो. पण इंजिन पळवण्याचा दुसरा रस्ता चाकांकडून येतो. गिअर टाकून क्लच सोडला की इंजिन चाकांना जखडलं जातं. मग गाडीचं सगळं वजन त्याला फिरवतं. ईसीयू इंधन तोडतो, पण त्या क्षणी इंधनावर चाललंय कोण?

होंडा एस२००० घ्या. १९९९ साली आलेली, दोन लिटर, टर्बो नाही, आरपीएमच्या काट्याची लाल रेघ, म्हणजे सुरक्षित मर्यादा, ९,००० ला. तिच्या दुसऱ्या गिअरचं गुणोत्तर २.०४५, तिसऱ्याचं १.४८१, चौथ्याचं १.१६१; आकडा मोठा तितकं त्याच वेगाला इंजिन जास्त फिरतं. तिसऱ्यात ८,००० ला असताना चौथा टाकला तर काटा ६,२७० च्या आसपास उतरतो. त्याच वेगाला हात चुकून दुसऱ्यात गेला तर इंजिन ११,००० ला. सिंक्रो (गिअर जुळण्याआधी वेग जुळवणारी कडी) अडवायला बघतो, पण घाईत जोर लावला की गिअर जातोच. क्लच सुटतो आणि काटा रेघेच्या पार. पोरं याला 'मनी शिफ्ट' म्हणतात.

९,००० ला या गाडीचा प्रत्येक पिस्टन सेकंदाला ३०० वेळा थांबून उलटा फिरतो. हा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ११,००० ला जवळजवळ दीडपट. एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी पिस्टन वर पोचतो तेव्हा त्याला खाली ढकलायला वायूचा दाब नसतो. सगळा हिसका कनेक्टिंग रॉड आणि त्याच्या बोल्टांवर येतो. बऱ्याचदा त्याआधीच व्हॉल्व्ह मार खातात. व्हॉल्व्ह उघडणारा कॅम इतका जोरात फिरतो की स्प्रिंगला व्हॉल्व्ह वेळेत मिटवता येत नाही, आणि वर येणारा पिस्टन त्याला गाठतो.

डावी-उजवीची एक गंमत आहे. मी गाडी शिकले पुण्यात, डाव्या हाताने गिअर टाकत. सहा गिअरच्या गाडीत तिसरा-चौथा मधल्या ओळीत, दुसरा त्यांच्या डावीकडे, सहावा उजवीकडे. तिथे तिसऱ्यातून चौथ्यात जाताना हात अंगाकडे ओढला गेला तर फार तर सहावा लागतो आणि इंजिन मरगळतं. इथे लिव्हर उजव्या हाताला, आणि अंगाकडे ओढलं की थेट दुसरा. म्हणून ट्रॅकवर लिव्हर मुठीत धरायची नाही. आधी न्यूट्रलला आणायची. स्प्रिंग तिला आपोआप तिसऱ्या-चौथ्याच्या ओळीत आणते. मग उघड्या तळव्याने सरळ मागे.

ऑफिसातला मित्र मध्यंतरी जुनी एस२००० घेत होता. विकणारा ठासून सांगत होता, "लिमिटर आहे, ओव्हर-रेव्ह होणंच शक्य नाही." (ओव्हर-रेव्ह म्हणजे इंजिन मर्यादेपलीकडे फिरणं.) अशा माणसाचं पुढचं बोलणंही जरा जपूनच ऐकावं. ९११ असती तर काम सोपं होतं. गेल्या वीसेक वर्षांतल्या ९११ चा ईसीयू ओव्हर-रेव्हची नोंद ठेवतो: आरपीएमच्या कुठल्या टप्प्यात किती इग्निशन (ठिणग्या), शेवटचं इंजिन चालल्याच्या कितव्या तासाला. सहा सिलिंडरच्या इंजिनात ८,००० ला सेकंदाला ४०० इग्निशन होतात, त्यामुळे खालच्या टप्प्यातला काही शेकड्यांचा आकडा म्हणजे लिमिटरवर घालवलेला एखादा सेकंद. त्याने घाबरू नये. वरच्या टप्प्यांत मात्र थोडेसे जरी दिसले तरी विचारावं, कारण लिमिटर तिथवर जाऊच देत नाही. तिथे फक्त चुकलेला गिअर पोचवतो.

एस२००० मध्ये अशी वही नाही. व्हॉल्व्ह कव्हर उघडायला लावलं आणि टॉर्च घेऊन बसलो. या गाडीची सुरुवातीची मॉडेलं ओव्हर-रेव्ह झाली की व्हॉल्व्ह स्प्रिंगवरच्या रिटेनरला (स्प्रिंगला व्हॉल्व्हशी धरून ठेवणारी चकती) केसाएवढी चीर जाते. गाडी तशीही छान चालत राहते. एक दिवस रिटेनर तुटतो आणि व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये पडतो. आम्हाला दोन रिटेनर चिरलेले दिसले. विकणाऱ्याने खांदे उडवले, आधीच्या मालकाचं नाव घेतलं. लीक-डाउन टेस्ट (सिलिंडरमध्ये हवा भरून किती गळते ते बघणं) मात्र चांगली आली, म्हणजे व्हॉल्व्ह वाकले नव्हते. मित्राने सगळे रिटेनर आणि कीपर (रिटेनरला व्हॉल्व्हवर अडकवणारे तुकडे) २००४ नंतरच्या मॉडेलचे बसवायचे ठरवले, तो खर्च किमतीतून कापून घेतला आणि गाडी घेतली. आता दर टाकीला तेल बघतो, कारण ही इंजिनं तेलही पितात.