दव वाळेपर्यंत

२०२५च्या जूनमध्ये, ऑस्ट्रेलियातल्या ऐन हिवाळ्यात, मी आणि माझी मैत्रीण व्हिक्टोरिया राज्यात मरे नदीकाठच्या मिल्ड्युरा या गावी संत्र्यांच्या तोडणीसाठी पोहोचलो, तेव्हा एक जुनी स्टेशन वॅगन हेच आमचे घर होते. भारतीयांसाठी ‘वर्क अँड हॉलिडे’ व्हिसाच्या पहिल्या सोडतीची नोंदणी २०२४च्या ऑक्टोबरात झाली होती आणि त्या १,००० जागांमध्ये आम्हा दोघींचे नाव लागले होते. दुसऱ्या वर्षाचा व्हिसा हवा असेल तर ठरावीक भागांत शेतीसारखे काम तीन महिने करावे लागते. शेतांवर सगळे त्याला ‘८८ दिवस’ म्हणतात. त्यामुळे बुडालेला प्रत्येक दिवस आम्हाला मजुरीपेक्षाही अधिक लागत असे.

गाडीची मागची आसने पाडून त्यांवर गादी अंथरली होती आणि कपडे, भांडी, बूट यांचे खोके रात्री पुढच्या आसनांवर रचावे लागत. पहिल्या रात्री थंडीच्या भीतीने आम्ही सगळ्या काचा घट्ट लावून घेतल्या. दोघींच्या श्वासाची वाफ रात्रभर काचांवर आणि छतावर जमत राहिली आणि पहाटे स्लीपिंग बॅगांवर अक्षरशः ठिबकू लागली. त्या दिवसापासून कितीही गारठा असला तरी समोरासमोरच्या दोन काचा दोन बोटे उघड्या ठेवण्याचा नियम आम्ही केला. दुसरा नियम शेजारी मुक्कामाला असलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी शिकवला. आम्ही सावली पाहून ‘रिव्हर रेड गम’ या निलगिरीच्या जातीच्या एका भल्यामोठ्या झाडाखाली गाडी लावली होती. या झाडाच्या जाड फांद्या वारा नसतानाही अचानक कोसळतात, असे सांगून ते गाडी उघड्यावर नेईपर्यंत तिथून हलले नाहीत. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

पुढे काही आठवडे काम सीमेपलीकडे, दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या रेनमार्क परिसरात मिळाले. निघताना मळ्याच्या मालकीणबाईंनी पिशवीभर संत्री हातात ठेवली. रेनमार्कच्या अलीकडे याम्बा येथे मात्र तपासणी नाका आहे, आणि रेनमार्क ज्यात येते त्या रिव्हरलँड भागात बाहेरचे ताजे फळ नेण्यास बंदी आहे, कारण फळमाशी फळाच्या आत अंडी घालते आणि एखादे किडके फळसुद्धा तिथल्या बागांच्या मुळावर येऊ शकते. “अगं, निदान दोन तरी इथेच खाऊन घेऊ,” मैत्रीण म्हणाली. रस्त्याच्या कडेला उभ्याने आम्ही चार संत्री खाल्ली आणि उरलेली कचऱ्याच्या डब्यात टाकली. ज्या फळासाठी दिवसभर छातीवर २० किलोंची पिशवी बांधून शिडी चढत होतो, ते असे टाकताना जीव तुटला. पण नियम योग्यच आहे, हे त्या बागांतून काम केल्यावर मनापासून पटले.

दक्षिण ऑस्ट्रेलियाचे घड्याळ व्हिक्टोरियाच्या अर्धा तास मागे असते. भारताच्या वेळेशी तिथे हिवाळ्यात नेमका चार तासांचा फरक पडतो, त्यामुळे घरी फोन करताना हिशेब सोपा जाई; म्हणून मी मनगटी घड्याळ त्या वेळेला लावले आणि मिल्ड्युराला परतल्यावर बदलायचे विसरून गेले. एरवी त्याने काही बिघडले नसते, कारण फोन आपली वेळ आपणच बदलतो. पण परतल्यावर तिसऱ्याच रात्री गाडीच्या सॉकेटला लावलेला लहान फ्रिज बंद करायचा राहिला. पहाटे जाग आली तेव्हा गाडीची बॅटरी उतरलेली होती आणि दोन्ही फोनही बंद पडले होते. वेळ सांगायला फक्त माझे मनगट होते, आणि ते अर्धा तास मागे होते.

जंपर केबल आमच्याकडे होती. नव्हती ती दुसरी गाडी. अंधारात दोन तंबूंपाशी जाऊन हाक मारल्यावर एका जोडप्याने झोपेतून उठून आपली गाडी आमच्या गाडीच्या नाकाला नाक लावून उभी केली. इंजिन सुरू झाले तेव्हा माझ्या घड्याळानुसार आठ वाजायला २५ मिनिटे होती आणि मळा तिथून २० मिनिटांवर होता. आपण वेळेत पोहोचतो आहोत, या समाधानात आम्ही निघालो. फाटकापाशी मुकादमाच्या गाडीतल्या घड्याळात आठ वाजून २५ मिनिटे झालेली पाहिली, तेव्हा मैत्रिणीने माझ्या मनगटाकडे पाहिले आणि आम्हा दोघींच्या पोटात गोळा आला.

मुकादम रागावला नव्हता. तो ओळीतल्या पहिल्या झाडापाशी उभा राहून पानांवरून हात फिरवत होता, आणि तळवा ओला निघाला की मान हलवत होता. संत्री ओली असताना तोडली तर सालीतल्या तेलाच्या बारीक पिशव्या दाबाने फुटतात आणि फळावर डाग पडतात. म्हणून दव वाळेपर्यंत तोडणी सुरू होत नाही. बाकीचे तोडणीवाले रिकाम्या पेट्यांवर बसून चहा पीत होते. आमची नावे यादीत शेवटी लिहिली गेली. पुढचे दीड तास ऊन चढण्याची वाट पाहण्यात गेले आणि त्या वेळेचे पैसे मिळाले नाहीत, तरी दिवस बुडाला नव्हता. मी घड्याळ अर्धा तास पुढे केले आणि ओल्या स्लीपिंग बॅगा काढून कुंपणावर वाळत घातल्या. दहाच्या सुमारास मुकादमाचा हात कोरडा निघाला आणि आम्ही पिशव्या गळ्यात अडकवून शिड्या उचलल्या.