३८ − ७५ : न फेडलेला हातचा

‘लहान संख्येतून मोठी संख्या जात नाही.’ वजाबाकीचा हा पहिला नियम पक्का होतो आणि पुढे बरीच वर्षं छळतो. नियम खोटा नाही, अर्धा आहे. डब्यात ३ गोळ्या असतील तर ८ काढता येत नाहीत, इतकंच तो सांगतो. पण ३ रुपये असताना ८ रुपयांचा खर्च होतो, आणि वरचे ५ रुपये उधारीवर जातात.

आता ३८ − ७५ उभी मांडा. एककाच्या घरात ८ − ५ = ३. दशकाच्या घरात ३ − ७. इथे गाडी अडते, आणि हात आपोआप ७ − ३ = ४ करून मोकळा होतो. उत्तर येतं ४३. मग ‘मोठी संख्या खाली आहे, म्हणजे उत्तर उणे’ हे आठवून −४३ लिहिलं जातं. खरं उत्तर −३७.

चूक चिन्हाची नाही, एका घरात दिशा उलटवल्याची आहे. एककात वरून खालचं वजा केलं, दशकात खालून वरचं. प्रामाणिकपणे लिहिलं तर दशकाचं घर −४, म्हणजे −४०, आणि एकक +३. −४० + ३ = −३७. त्या ३ ने उधारी कमी होते, वाढत नाही. मजा म्हणजे ३२ − ५८ मध्ये हीच चुकीची रीत −२६ असं बरोबर उत्तर देते, कारण तिथे दोन्ही घरं एकाच दिशेने उलटतात. त्यामुळे चूक लपून राहते.

कागदावरची सोपी रीत: मोठ्यातून लहान वजा करा, ७५ − ३८ = ३७, आणि पुढे उणे लावा. हे चालतं, कारण अ − ब आणि ब − अ या नेहमी एकमेकींच्या विरुद्ध संख्या असतात. पडताळा बेरजेने घ्यावा: −३७ + ७५ = ३८. जुळलं.

पण दुसरी वाट जास्त शिकवते. दशकात अडलात ना? मग नसलेल्या शतकातून हातचा घ्या. १३ − ७ = ६. उत्तर दिसतं ६३, पण १०० उसने आणलेत, ते फेडायचे आहेत. ६३ − १०० = −३७. ऋण उत्तर म्हणजे न फेडलेला हातचा. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये ब्राह्मस्फुटसिद्धांतात धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरीज-वजाबाकीचे नियम दिले. शून्यातून धन वजा केलं की ऋण, शून्यातून ऋण वजा केलं की धन. ‘ऋण’ म्हणजे कर्ज, हे त्या शब्दातच आहे.

हा दुसरा नियम लोक भलतीकडे लावतात. ‘दोन उणे मिळून अधिक’ असं पाठ केलं की −७ − ५ चं उत्तर १२ येतं. इथे दोन उणी चिन्हं आहेत खरी, पण ती लागून नाहीत. आधी ७ चं कर्ज, त्यात आणखी ५ चा खर्च: −१२. −७ − (−५) मध्ये मात्र कर्जातलं ५ काढून टाकलं, म्हणून −२. मराठीत यावर चांगली सोय आहे: क्रियेला ‘वजा’ म्हणा, संख्येच्या चिन्हाला ‘उणे’. ‘उणे सात वजा उणे पाच’ असं मोठ्याने वाचलं की गोंधळ बराच कमी होतो. आणि ‘३८ हे ७५ मधून वजा करा’ म्हणजे ७५ − ३८. आधी ऐकू आलेली संख्या आधी लिहायची नसते.

संगणकात हातच्याचं हेच प्रकरण उघडं दिसतं. ८ बिटांत, म्हणजे ० किंवा १ च्या आठ जागांत, ३८ − ७५ केलं की हातचा बाहेर पडतो आणि उरतात २५६ − ३७ = २१९, म्हणजे ११०११०११. हाच नमुना चिन्हासह वाचला तर −३७, चिन्हाविना वाचला तर २१९. म्हणून ३२ बिटांच्या चिन्हविरहित चलात (ऋण संख्या न मानणाऱ्या, संख्या साठवायच्या जागेत) ५ − ८ चं उत्तर ४२९४९६७२९३ येतं. बिट बरोबर असतात, वाचण्याची रीत चुकलेली असते. उत्तर ऋण होण्याची शक्यता असेल तर चल चिन्हासहित घ्यावा, किंवा वजाबाकीआधी तुलना करावी.

एक्सेलमध्ये कामाचे तास काढायला सकाळी ६ मधून आदल्या रात्रीचे १० वजा केले की घरात नुसतेच ##### दिसतात. रकाना रुंद करून उपयोग नाही. आत −१६ तास आहेत, आणि नेहमीच्या तारीख-पद्धतीत ऋण वेळ दाखवता येत नाही. इथे उसना घ्यायचा तो अख्खा दिवस: −१६ + २४ = ८ तास. भागाकाराची बाकी देणाऱ्या मॉड (MOD) फलात भाजक १ दिला की हेच होतं, कारण एक्सेलसाठी १ म्हणजे एक दिवस. काम २४ तास किंवा त्याहून जास्त चाललं असेल तर मात्र ही युक्ती पूर्ण दिवस गिळून टाकते. तिथे वेळेसोबत तारीखही लिहावी लागते.