शिळा पाव, चीजची साल आणि एक बादली

घरी जेवायला आलेलं माणूस पास्ता संपवतं, खिडकीतल्या बेसिलकडे बघतं आणि विचारतं, "तुम्हाला हे सगळं परवडतं कसं? इटालियन म्हणजे महागाचं काम ना?" मग बादलीतल्या टोमॅटोकडे नजर गेली की पुढचा प्रश्न ठरलेला : "आणि बागेचं कुणी शिकवलं? एवढा वेळ कधी मिळतो?" घाईघाईत काहीतरी सांगून मी आजवर वेळ मारून नेली. तुम्ही पुन्हा विचारलंत, म्हणून या वेळी बसून सांगते.

परवडतं, कारण हा स्वयंपाक जन्मालाच आला तो काही न परवडणाऱ्या घरांत. इटलीत त्याला 'कुचिना पोवेरा' म्हणतात, म्हणजे गरिबाघरचा स्वयंपाक. टस्कनीतल्या शेतकरी घरांत भट्टी रोज पेटत नसे. एकदा भाजलेला पाव पुढची भट्टी लागेपर्यंत पुरवायचा, आणि तोवर तो दगडासारखा होई. तो टाकायचा विचारही कुणाच्या मनात येत नसे. आदल्या दिवशीच्या भाज्या आणि पांढऱ्या घेवड्याच्या सुपात तो घालून पुन्हा शिजवायचा, त्याचं नाव 'रिबोलिता'. शब्दाचा अर्थच 'पुन्हा उकळलेलं'. उन्हाळ्यात तोच पाव पाण्यात भिजवून, घट्ट पिळून, कांदा-व्हिनेगर-बेसिल घालून कालवला की 'पान्झानेला'. आज त्यात टोमॅटो हवाच असं आपल्याला वाटतं, पण जुन्या काळी तो कांद्याचाच पदार्थ होता. टोमॅटो इटलीत आला सोळाव्या शतकात, आणि ताटात रुळायला त्याला पुढे बराच काळ लागला.

मला यातली सगळ्यात प्रिय गोष्ट दक्षिणेकडची आहे. कॅलाब्रिया आणि सिसिलीत किसलेलं चीज ज्यांना परवडत नसे, ते पास्त्यावर भाजलेला पावाचा चुरा घालत. मी ते कसं करते, ते सांगते. शिळा पाव किसणीवर जाडसर किसून घ्यायचा, पीठ होऊ द्यायचं नाही. (बुरशीचा ठिपका दिसला तर मात्र तो पाव सरळ कंपोस्टमध्ये. तिथे काटकसर नाही.) पसरट कढईत दोन चमचे ऑलिव्ह तेल, त्यात ठेचलेली लसणाची एक पाकळी. लसणाचा वास सुटला की पाकळी काढून घ्यायची आणि चुरा टाकायचा. आच मध्यम. पहिली दोन-तीन मिनिटं काहीच घडत नाही, चुरा नुसता तेल पिऊन बसतो. मग आवाज बदलतो. ओलसर सरसर थांबते आणि चुरा कढईत कोरडा खुळखुळायला लागतो. तिथून पुढे हात थांबवायचा नाही. सोनेरी झाला की लगेच थंड ताटलीत काढायचा, कारण तापलेल्या कढईत राहिला तर गॅस बंद केल्यावरही तो करपतो. मीठ शेवटी. हा चुरा झाकणाच्या बरणीत आठवडाभर कुरकुरीत राहतो आणि साध्या लसूण-तेलातल्या स्पगेटीवर पडला की चीजची आठवण येत नाही.

चीज घ्यायचंच, तर मी अस्सल पार्मिजानोचा लहान तुकडा घेते आणि त्याची साल जपून ठेवते. हे ऐकून लोक दचकतात. नियमाप्रमाणे हे चीज किमान 12 महिने मुरवलेलं असतं, आणि त्याची साल म्हणजे बाहेरून सुकून घट्ट झालेलं तेच चीज. वर मेण नाही की प्लास्टिक नाही. साल सुरीने खरवडून धुवायची, फ्रीझरमध्ये साठवायची आणि मिनेस्ट्रोने उकळताना त्यात एक तुकडा सोडायचा. अर्ध्या-पाऊण तासात सुपाला जी खोली येते, ती कुठल्याही बाजारी सूप-वडीने येत नाही. मऊ झालेली साल बारीक चिरून खाताही येते. माझ्याकडे त्या तुकड्यावरून लहान मुलांची भांडणं झालेली आहेत.

पास्त्याचं पाणी ओतून देणं ही दुसरी मोठी उधळपट्टी. पास्ता शिजताना त्यातला स्टार्च पाण्यात उतरतो, आणि तो स्टार्च तेल आणि पाणी एकजीव करतो. पास्ता निथळण्याआधी एक कप पाणी बाजूला काढायचं. लसूण-तेलाच्या कढईत पास्ता टाकायचा, त्यावर ते पाणी थोडं थोडं घालत कढई हलवत राहायचं. तळाशी वेगळं दिसणारं तेल बघता बघता दुधाळ होतं आणि शेवयांना चिकटतं. क्रीमची गरज तिथेच संपते. 100 ग्रॅम पास्त्याला एक लिटर पाणी हे इटलीतलं नेहमीचं प्रमाण, पण अशा सॉससाठी मी पाणी त्याहून कमी घेते, म्हणजे ते जास्त दाट येतं.

आणि डब्यांच्या तळाशी उरलेला मूठ-मूठ पास्ता? नेपल्समध्ये त्यासाठीही जागा आहे. पूर्वी दुकानात पास्ता सुटा मिळे, तेव्हा खोक्यांच्या तळाचे तुकडे एकत्र करून स्वस्तात विकले जात. तो 'पास्ता मिस्ता' घेवड्याच्या सुपात पडे. घेवडा रात्रभर भिजवून मऊ शिजवायचा, निम्मा घोटून घ्यायचा, निम्मा अख्खा ठेवायचा, त्यातच पास्ता शिजवायचा. वेगवेगळ्या आकारांमुळे कुठे मऊ लागतं, कुठे दाताखाली येतं, आणि गंमत त्यातच आहे. आता कंपन्या मुद्दाम असे मिश्र आकार पाकिटात भरून विकतात. मी उरलेल्याचीच बरणी भरते.

ताजा पास्ता म्हणजे अंडी, असं अनेकांना वाटतं. ते उत्तरेचं, एमिलिया-रोमान्या भागातलं. तिथे 100 ग्रॅम मैद्याला एक अंडं. दक्षिणेत, पुलियासारख्या भागात, ड्युरम गव्हाचा बारीक रवा आणि पाणी एवढ्यावर भागतं. माणशी 100 ग्रॅम रवा, साधारण 50 मिलिलिटर कोमट पाणी. सुरुवातीला हे पीठ कोरडं, भेगाळलेलं राहतं आणि प्रत्येक नवशिका इथे पाणी वाढवतो. वाढवू नका. दहा मिनिटं तळहाताच्या टाचेने रेटून मळा, मग अर्धा तास झाकून ठेवा. झाकण काढाल तेव्हा तेच पीठ कानाच्या पाळीसारखं मऊ झालेलं असेल. त्याच्या करंगळीएवढ्या जाड वळ्या करा, पेराएवढे तुकडे कापा आणि प्रत्येक तुकडा दोन बोटांनी दाबून आपल्याकडे ओढा. तो स्वतःवरच गुंडाळला जातो आणि मधे खोबण तयार होते. हे काव्हातेल्ली. त्या खोबणीत सॉस बसतो. यंत्र लागत नाही, लाटणंही नाही. पहिले वीस वाकडे होतील, पण तेही तितकेच छान शिजतात.

पेस्तोबद्दल, म्हणजे बेसिल वाटून केलेल्या हिरव्या सॉसबद्दल, थोडक्यात. जेनोवाच्या पेस्तोत पाइन नट्स असतात आणि ते महाग असतात. मी अक्रोड घालते, त्याच प्रांतात अक्रोडाचाही सॉस करतातच. पास्त्याच्या पाण्यातच बटाट्याच्या फोडी आणि फरसबी शिजवून पेस्तोत कालवायची तिथली रीतही घ्या, थोडा पेस्तो चारजणांना पुरतो.

एका बाबतीत मात्र मी हट्टाने सावध असते. लसूण किंवा बेसिल तेलात बुडवून ओट्यावर आठवडेच्या आठवडे ठेवू नका. दिसायला ती बाटली सुंदर असते, पण हवा नसलेल्या त्या तेलात बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जिवाणू वाढू शकतात आणि वासावरून ते कळत नाही. लागेल तेवढंच करा, फ्रिजमध्ये ठेवा, चार दिवसांत संपवा. जास्तीचं बेसिल तेलासोबत वाटून बर्फाच्या साच्यात गोठवा. टोमॅटोही मी बाटल्यांत न भरता शिजवून, गाळून गोठवतेच.

आता बाग. बाग आणि स्वयंपाक या दोन गोष्टी माझ्या डोक्यात वेगळ्या नाहीत, कारण सुरुवात टोमॅटोच्या रिकाम्या डब्याने झाली. दक्षिण इटलीत गल्लीतल्या बाल्कन्यांवर तेलाच्या नाहीतर टोमॅटोच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यांत बेसिल लावलेलं सर्रास दिसतं. मीही तेच केलं : तळाला खिळ्याने भोकं, आत माती, वर रोप. पत्रा उन्हात तापतो आणि मुळं भाजतात, म्हणून आता मी डब्याच्या आत एक लहान कुंडी बसवते आणि मधल्या फटीत सुका पाला भरते.

बेसिलचं रोप विकत घ्याल तेव्हा कुंडीत वाकून बघा. ते एक रोप नसतं, पंधरा-वीस रोपं दाटीवाटीने उगवलेली असतात, म्हणून तर ती दोन आठवड्यांत माना टाकतात. मातीचा गोळा अलगद सोडवून चार भाग करा आणि चार ठिकाणी लावा. मग खुडणं. लोक खालची मोठी पानं तोडतात आणि वरचा शेंडा शोभेला ठेवतात. उलट करा. पानांच्या जोडीच्या जरा वर शेंडा खुडला की खालच्या दोन्ही डोळ्यांतून दोन फांद्या फुटतात. एकाच्या दोन, दोनाच्या चार. कळ्या दिसल्या की लगेच काढा, फुलावर आलं की पानं कमी आणि कडसर होतात. आणि कापलेलं बेसिल फ्रिजमध्ये काळं पडतं, ते ओट्यावर पेल्यात ठेवावं.

टोमॅटोला मी 20 लिटरची जुनी बादली वापरते, आधी रंग किंवा रसायन नसलेली. गरम खिळ्याने तळाला आठ-दहा भोकं पाडायची. तळात खड्यांचा थर घालायचा सल्ला सगळीकडे मिळतो, मी तो सोडून दिला. पाणी मातीतून खड्यांत सहज उतरत नाही, वरच्याच थरात अडकतं, म्हणजे निचरा सुधारत नाही आणि मुळांची जागा तेवढी जाते. रोप लावताना खालची पानं काढून खोड खोल पुरा, पुरलेल्या खोडालाही मुळं फुटतात. पान आणि खोडाच्या बेचक्यात येणारी बगलफूट काढून टाकता ना? ती पाण्यात ठेवा, आठवडा-दहा दिवसांत मुळं धरते. माझी निम्मी रोपं अशीच आलेली आहेत. आधाराला तीन काठ्या, वर सुतळीने बांधलेल्या.

पहिल्या वर्षी फळं धरली आणि एकेकाचं बूड काळं, चामड्यासारखं झालं. मला रोग वाटला. औषध फवारलं, अंड्याची कवचं कुटून घातली, काही उपयोग झाला नाही. तो रोग नव्हताच. पाणी कधी भरपूर, कधी दोन दिवस नाही, असं झालं की फळापर्यंत कॅल्शियम पोचत नाही आणि बूड सडतं. त्या वर्षीची पंचवीसेक फळं मी माझ्या हाताने तोडून टाकली, ते अजून आठवतं. उपाय निघाला एका मडक्याचा. झिलई नसलेलं, अरुंद तोंडाचं लिटरभराचं मातीचं मडकं रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरलं, पाण्याने भरलं, वर झाकणी ठेवली. माती सुकेल तसं मडक्यातून पाणी पाझरतं, माती ओली असली की पाझर मंदावतो. मातीवर पालापाचोळ्याचं आच्छादन घातलं. पुढच्या हंगामात काळं बूड जवळजवळ दिसलंच नाही.

वाफ्यासाठी लोक फुकटची लाकडी पॅलेट, म्हणजे माल रचायच्या फळ्यांच्या चौकटी, आणतात. आणा, पण त्यावरचा शिक्का वाचा. 'एचटी' असेल तर लाकूड उष्णता देऊन किडीपासून मुक्त केलेलं आहे, ते चालेल. 'एमबी' असेल तर त्यावर मिथाइल ब्रोमाइड वायूची प्रक्रिया झालेली आहे, ते खाण्याच्या भाजीजवळ नको. शिक्काच नसेल तर मी आणत नाही.

आणि हो, घेवड्याच्या शेंगांची टरफलं, बेसिलचे देठ, कांद्याची सालं हे सगळं एका भोकं पाडलेल्या डब्यात जातं, प्रत्येक ओल्या थरावर दुप्पट-तिप्पट सुका पाला. वास आला तर समजायचं पाला कमी पडला.

वेळेचं विचारलंत. सकाळी चहा होईपर्यंत मडकं भरून होतं, शेंडे खुडून होतात, आणि खुडलेलं दुपारच्या कढईत जातं. रविवारी एखादा तास काठ्या-सुतळीला. एवढंच.

विचारणारं माणूस निघायला लागलं की मी बेसिलची वीतभर फांदी कापते, पेराच्या जरा खाली, आणि खालची पानं काढून ओल्या कागदात गुंडाळून देते. घरी गेल्यावर पेल्यात पाणी घेऊन ती उजेडात ठेवा, पण कडक उन्हात नको. दर दोन दिवसांनी पाणी बदला. साधारण आठव्या-दहाव्या दिवशी पेरापाशी पांढरी मुळं दिसतील. ती बोटाच्या एका पेराएवढी झाली की डब्याला भोकं पाडायला घ्या.