बाईंचा नववीचा तास

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहाल का, असं पत्र आलं आणि डोळ्यांपुढे इंग्रजीच्या बाईच आल्या. नाव लिहायची गरज नाही. आपल्या शाळेत ‘बाई’ म्हटलं की त्याच.

आमच्या वेळी एबीसीडी पाचवीत सुरू व्हायची. हुशार म्हणजे ‘क्लेव्हर’, एवढ्यावर नववीपर्यंत भागत असे. एकदा महाराजांच्या आग्र्याहून सुटकेवर निबंध होता. माझ्या बाकावरच्या मुलाने शब्दकोश धुंडाळून महाराजांना ‘कनिंग’ म्हटलं. कोशात अर्थ ‘चतुर’ही दिलेला, त्यामुळे यात वावगं काय ते कुणाला कळेना. बाई रागावल्या नाहीत. वही मिटून त्यांनी फळ्यावर चार शब्द लिहिले: क्लेव्हर, कनिंग, श्रूड, अॅस्ट्यूट. म्हणाल्या, “चला, १६६६ सालच्या आग्र्यात.”

मिठाईच्या पेटाऱ्यांची युक्ती क्लेव्हर. कनिंग म्हणेल तो औरंगजेबाचा दरबार, कारण त्या शब्दात कपटाचा आरोप आहे. श्रूड म्हणजे व्यवहारात पक्का, सहसा कुणाला न फसणारा. पण आजाराचं निमित्त करणं, बरोबरची माणसं आधीच परत पाठवणं, पहारेकऱ्यांना पेटाऱ्यांची सवय लावणं आणि मग नेमकी वेळ साधणं, हे अॅस्ट्यूट. माणसं आणि परिस्थिती वाचणारी बुद्धी.

ओघात ‘अॅक्यूट’ही निघाला. भूमितीतला लघुकोन तोच. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ टोकदार केलेला. म्हणून तीक्ष्ण कानांना अॅक्यूट चालतो, अॅस्ट्यूट नाही. पुढचा तास गणिताचा होता. सर दारातच थांबून ऐकत राहिले.

पुढे बँकेत अधिकारी झालो. कर्जप्रस्तावावर शेरा लिहिताना अर्जदार ‘श्रूड’ की ‘इंटेलिजंट’, इथे पेन थांबायचं. वरिष्ठ त्या एका शब्दावरून माणूस जोखत. निवृत्तीच्या आधी तरुण अधिकाऱ्यांना टिपणं लिहायला शिकवण्याचं काम माझ्याकडे आलं. ही सारी बाईंची पुण्याई.

२००० सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं, चांगलंच झालं. पण माझ्या नातीच्या मोबाइलवर ‘क्लेव्हर’ला खेटूनच ‘कनिंग’ येतो आणि ती हाताला लागेल तो उचलते, याचं फार वाईट वाटतं. तिला मी आग्रा सांगितला. शाळेतही कुणीतरी सांगावा. बोलावलंत तर नववीवर एक तास घ्यायला मी आनंदाने येईन.